नावांच्या जागी रेघा

न्यू बेडफर्डच्या युनियन स्ट्रीटवर, तेलाच्या एका वखारीच्या माडीवर, गुलामगिरीविरोधी मंडळाची खोली होती. १८५४ च्या मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी तीन सद्गृहस्थांनी झिल्फा बेविन्सला तिथे बोलावलं आणि परीक्षेला बसवलं. परीक्षा लिहिण्याची होती.

झिल्फा तेव्हा अडतीस वर्षांची होती. लोकांचे कपडे धुवायचे, इस्त्री करायचे आणि चादरी-नॅपकिनांवर मालकाच्या नावाची अक्षरं काढून द्यायची, हा तिचा धंदा. अकरा वर्षांपूर्वी ती व्हर्जिनियातून पळून आली होती. गेली दोन वर्षं धुण्यातून वेळ काढून तिने आपल्या आयुष्याची हकिकत लिहिली होती. तो दोनशे चौदा पानांचा गठ्ठा आता टेबलावर, रेव्हरंड थेअर यांच्या हाताशी पडला होता. मंडळ पुस्तक छापणार होतं. त्याआधी ते हिनेच लिहिलं आहे अशी खात्री करून घ्यायची होती.

"मनाला लावून घेऊ नकोस हं, झिल्फा," रेव्हरंड म्हणाले. "आमचा विश्वास आहेच. लोकांसाठी करावं लागतं."

"काय करू?"

"डॉक्टर वाचून दाखवतील. तू लिही."

डॉक्टर पेलहॅम यांनी वर्तमानपत्र उचललं आणि नॅन्टकेटजवळ खडकावर आपटलेल्या जहाजाची बातमी वाचायला घेतली. मुद्दाम भरभर वाचली. झिल्फाने मान वर न करता ती उतरवली आणि टाक खाली ठेवला. तिसरे गृहस्थ देवमाशाच्या तेलाचे व्यापारी होते. ते खिडकीपाशी बसून नुसते बघत होते.

डॉक्टरांनी कागद उजेडात धरला. "अक्षर चांगलं आहे. फारच चांगलं आहे, आणि अडचण तीच आहे. हे दक्षिणेतल्या घरंदाज बाईचं अक्षर आहे. माझी मावशी रिचमंडची. असंच लिहायची. तुझ्याकडे हे कुठून आलं?"

"चोरलं," झिल्फा म्हणाली.

ती थट्टा करत नव्हती. अक्षर खरोखरच चोरीचं होतं, आणि चोरी कशी झाली ते टेबलावरच्या गठ्ठ्यात एकतिसाव्या पानापासून सविस्तर लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी तिथपर्यंत वाचलं नव्हतं.

व्हर्जिनियात काळ्या माणसांना जमवून लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा होता. मात्र कापडावर अक्षर काढायला शिकवण्याला कोणी शिकवणं समजत नसे. पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलेट घराण्यात चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ मोजून दीडशेच्या वर होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने, फुलीच्या टाक्यांत, ज्याचं त्याचं अक्षर हवं असे. मिसेस हॅलेटनी अकरा वर्षांच्या झिल्फाच्या हातात सुई दिली. धागे मोज, चार सोड, एक फुली घाल. बाईंच्या दृष्टीने पोरगी नक्षी उतरवत होती. पोरीला मात्र प्रत्येक चादरीवर कोण झोपतं ते ठाऊक होतं. एडवर्डसाहेबांच्या चादरीवरची नक्षी म्हणजे ई, रॉबर्टच्या उशीवरची म्हणजे आर. घरात लग्न झालं की नवं अक्षर यायचं. थोरल्या मुलीने क्विन्सी नावाच्या माणसाशी लग्न केलं तेव्हा घरात रडारड झाली, कारण माणूस उत्तरेचा होता. झिल्फाला मात्र क्यू मिळाला. सतरा वर्षांची होईपर्यंत तिच्याकडे अठरा अक्षरं जमली होती. आपल्या नावाचं पहिलं अक्षर, झेड, तिला तिथे कधीच भेटलं नाही. तसल्या नावाचं त्या घराण्यात कोणी जन्मलंच नाही.

तरी आपल्याला वाचता येतं असं तिला वाटत होतं. ही समजूत किती महागात पडली ते १८३५ च्या जूनमध्ये कळलं.

त्या दिवशी मिसेस हॅलेटनी तिला चार मैलांवरच्या पंगोटीग गावच्या खानावळीत चिठ्ठी द्यायला पाठवलं. चिठ्ठी नुसती दुमडलेली होती. गुलामाच्या हातून जाणाऱ्या चिठ्ठीवर लाख कोणी लावत नसे, जसं घोड्यापासून कोणी काही लपवत नाही. निघताना बाईंनी वाटेत खायला म्हणून हॅमचा तुकडा फडक्यात बांधून दिला. हे आजवर कधी घडलं नव्हतं. झिल्फाने एक मैलभर विचार केला, खाडीच्या काठी झुडपाआड बसली आणि चिठ्ठी उघडली.

आत एकही ओळखीचं अक्षर नव्हतं. चादरीवरची अक्षरं ताठ, चौकोनी, सुटी सुटी उभी असत. इथे सगळी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून तिरकी पळत होती. अक्षरं दोन तऱ्हांची असतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आठ वर्षं जमवलेलं धन एका क्षणात खोटं नाणं ठरलं. पण सुई-दोरा कायम अंगावर असायचा. तिने पेटीकोटची दुमड उलटी केली आणि पहिली दीड ओळ, काय आहे ते न कळता, वळणासकट उलट्या टिपेने त्यावर उतरवून घेतली. मग चिठ्ठी दुमडली, खानावळीत गेली आणि लस्क नावाच्या माणसाच्या हातात दिली.

लस्कने चिठ्ठी वाचली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाईंना सांग, चालेल."

तिने परत येऊन सांगितलं, "चालेल म्हणाले."

शुक्रवारी तिची धाकटी बहीण तामार, वय सोळा, धुतलेले कपडे पोचवायला म्हणून दुसऱ्या घरी गेली आणि परत आली नाही. घरात विचारायची सोय नव्हती. स्वयंपाकीण एवढंच म्हणाली, "तिचं नाव काढू नकोस, पोरी. नाव काढलं की तुझाही नंबर लागतो."

तिरकं अक्षर झिल्फा मुरंब्यांच्या बरण्यांवरून शिकली. कोठीतल्या प्रत्येक बरणीवर मिसेस हॅलेट स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवत. पीच, अंजीर, मनुके, लिंबाची साल, आलं. आत काय आहे ते दिसत होतं, म्हणजे बाहेर काय लिहिलं असेल तेही ठरलेलं होतं. एकेक वळण आतल्या फळाशी ताडून बघायचं. यात चौदा महिने गेले. मग एका दुपारी, इस्त्रीच्या खोलीत, तिने पेटीकोटची दुमड उलटी करून वाचली:

"मि. लस्क, तामारला शुक्रवारी तुमच्याबरोबर नॅचेझला पाठवते आहे. तिच्या बहिणीला कळू देऊ नये."

नॅचेझ म्हणजे दूर दक्षिणेत, मिसिसिपी नदीकाठचा माणसांचा बाजार, आणि लस्क तिथला दलाल. कळू देऊ नये म्हणून ती चिठ्ठी बहिणीच्याच हातून पाठवली होती. हॅमच्या तुकड्यासह.

१८४३ मध्ये झिल्फाने मिसेस हॅलेटच्या अक्षरात, मिसेस हॅलेटच्या सहीने, स्वतःसाठी एक परवाना लिहिला: ही बाई नॉरफोकला आमच्या मुलीकडे जात आहे, तिला अडवू नये. तिला कोणी अडवलं नाही. नॉरफोकहून ती उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजात कशी शिरली आणि कोणी शिरू दिलं, हे तिने पुस्तकात लिहिलं नाही. ते लोक अजून तिथेच होते.

तर अक्षर घरंदाज बाईचं होतं ते असं.

"चोरलं म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकतिसाव्या पानावर आहे."

डॉक्टरांनी एकतिसावं पान काढलं नाही. "बातमी उतरवणं वेगळं आणि स्वतः रचणं वेगळं," ते रेव्हरंडना म्हणाले, जणू ती खोलीत नव्हती. "मनाने काही लिहून दाखवता येईल का तिला?"

"झिल्फा, चार ओळी लिही बघू. तुला सुचेल ते."

झिल्फाने नवा कागद ओढला. या वेळी तिने जरा वेळ घेतला. मग शाई सुकू न देताच कागद रेव्हरंडपुढे सरकवला. त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला आवाज खाली आला.

"मी, मिसेस झिल्फा बेविन्स, रेव्हरंड थेअर यांना चार वर्षं ओळखते. त्यांचे शर्ट माझ्याकडे धुवायला येतात. माणूस स्वच्छ आहे. आपली प्रवचनं आपणच लिहितो असं ते सांगतात. मी त्यांना लिहिताना पाहिलेलं नाही, तरी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल दोन प्रतिष्ठित काळ्या माणसांनी लिहून दिलं, तर लोकांची खात्री पटेल."

खिडकीपाशी बसलेले तेलाचे व्यापारी हसले. रेव्हरंड हसत नाहीत हे पाहून त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"हे तुला शोभत नाही," रेव्हरंड म्हणाले.

"मनाने लिही म्हणालात."

रेव्हरंड वाईट माणूस नव्हते. पळून आलेल्यांना त्यांनी आपल्या तळघरात लपवलं होतं आणि त्यासाठी एकदा दंडही भरला होता. म्हणूनच आपण जे सांगतो त्यात अपमान असू शकतो हे त्यांच्या डोक्यात येत नव्हतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि मंडळाच्या अटी सांगितल्या. पहिल्या पानावर त्यांचं पत्र असेल: लेखिकेला मी ओळखतो, हकिकत खरी आहे. भाषा जरा मोडकीतोडकी करावी लागेल, कारण इतकं सफाईदार लिहिणारी बाई पट्ट्याने मार खात होती यावर बोस्टनमध्ये कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि नावं गाळली जातील. पहिलं अक्षर आणि पुढे लांब रेघ.

"कुणाची नावं?"

"सगळ्यांचीच. हॅलेट, तो दलाल, गावं. तामारचंही. ह— कुटुंब, मि. ल—, न— गाव. सगळेच असं छापतात."

"पत्र घाला," झिल्फा म्हणाली. "भाषेचं तुम्हाला काय करायचं ते करा. नावं ठेवा."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी. कायदा कसा आहे तुला ठाऊक आहे. नाव छापलंस तर हॅलेटांचा माणूस पंधरा दिवसांत कागद घेऊन इथे उभा राहील आणि इथला न्यायाधीश तुला त्याच्या ताब्यात देईल. मी काही करू शकणार नाही."

"ठाऊक आहे."

"मग हा हट्ट कशासाठी?"

"रेव्हरंड, हे पुस्तक मी बोस्टनच्या बायकांना रडवायला लिहिलेलं नाही. मी बहीण शोधते आहे. माझ्याजवळ दीड ओळ आहे. लस्क, नॅचेझ आणि तामार. नदीवरच्या बोटींत कामं करणारी आमची माणसं वर येतात, सिनसिनाटीला येतात, कॅनडात जातात. चर्चमध्ये एकजण वाचतो, शंभरजण ऐकतात. त्या शंभरांत एखाद्याला लस्क ठाऊक असेल. मि. रेघ कुणालाच ठाऊक नसणार."

मग डॉक्टर पेलहॅम म्हणाले, "कागद इथेच राहू देत. आमचा माणूस ते नीट करून घेईल. तू शांतपणे विचार कर."

झिल्फा उठली, अंगावरची शाल टेबलावर पसरली, दोनशे चौदा पानं तिच्यात ठेवली आणि धुण्याचं गाठोडं बांधतात तशी चारी टोकांची गाठ मारली.

"आणखी एक," ती दारातून म्हणाली. "तुम्ही रेव्हरंड, हे डॉक्टर, ते मिस्टर. माझं लग्न झालंय. मी मिसेस बेविन्स."

तिचा नवरा एनॉक बेविन्स तेलाची पिंपं बांधायचा. तो न्यू बेडफर्डमध्येच स्वतंत्र जन्मला होता. दोन खोल्यांचं घर त्याने आपल्या हाताने बांधलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने आधी गाठोड्याकडे पाहिलं आणि मग बायकोकडे.

"म्हणजे छापलं की पळायचं."

"कॅनडात."

"तिथं देवमासे आहेत?"

"नाहीत."

"मग पिंपं कसली बांधू? बर्फाची?" तो उठून उभा राहिला. "एकोणीस वर्षं झाली, झिल्फा. ती जिवंत आहे का हेसुद्धा तुला ठाऊक नाही. आणि हे घर मी कुणाकडे मागून घेतलेलं नाही. माझा बाप इथं जन्मला. मी कुणाचा पळून आलेलो नाही, आणि आता म्हाताऱ्या वयात पळू?"

"तू नको येऊस."

"हे बोलणं झालं का?"

"चिठ्ठी मी नेली, एनॉक. परत येऊन 'चालेल' असं मीच सांगितलं. मिस्टर रेघ लिहून मी ते आणखी एकदा झाकू?"

तो बाहेर निघून गेला. तीन दिवस दोघांत मीठ-पाण्यापुरतं बोलणं झालं. चौथ्या दिवशी तो कारखान्यातून फळ्या घेऊन आला आणि अंगणात खोकी ठोकायला बसला. आपल्या अवजारांच्या मापाचं एक आणि तिच्या इस्त्र्यांच्या मापाचं एक. खोक्याला चांगलं कडं ठोकत तो म्हणाला, "तुझ्या त्या पुस्तकात माझं नावही पूर्ण घाल. रेघ मारलीस तर बघ."

छापलं ते डीकन गिडिअन पर्नेल यांनी. ते काळ्यांच्या चर्चचे डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखाली चर्चचं काम बघणारे होते. पोट भरायला न्हाव्याचं दुकान चालवत, आणि दुकानामागे त्यांचा हाताने चालवायचा जुना छापखाना होता. त्यावर चर्चच्या सूचना आणि बटाट्यांच्या जाहिराती निघायच्या. त्यांनी पानं चाळली.

"ही नावं खरी?"

"खरी."

"बाईंचं? पूर्ण?"

"गावासकट."

"एचचे खिळे कमी पडतील माझ्याकडे. आठ पानं झाली की मोडून पुन्हा जुळवावे लागतील," ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आणि हे पहिलं पान? तिथं गोऱ्या माणसाचं पत्र असतं. कोरं ठेवलं तर लोक विचारतील, हिची हमी कोण देतंय."

झिल्फाने पेटीकोटची ती पट्टी कधीच कापून जपून ठेवली होती. तिने ती घडी उलगडून टेबलावर ठेवली. लाल दोरा विटून तपकिरी झाला होता, पण वळण जसंच्या तसं होतं.

"गोऱ्या बाईचं पत्र आहे की," ती म्हणाली. "हे छापा. खाली बाईंचं नाव घाला."

डीकननी ते दोनदा वाचलं. मग दुकानाच्या दारावर 'बंद' पाटी लावली आणि दाढी अर्धी झालेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "उद्या या."

पुस्तक मे महिन्यात निघालं. तीनशे प्रती. त्याआधीच्या आठवड्यात बेविन्स पतिपत्नी सेंट कॅथरिन्सला, सरहद्दीपलीकडे पोचले होते. पुस्तकाने कोणतीही खळबळ उडाली नाही. मंडळाच्या मुखपत्रात चार ओळींची नोंद आली: सदर बाईंना मंडळाने मदत देऊ केली होती, पुस्तकाच्या सत्यतेबद्दल मंडळ काही सांगू शकत नाही. ज्यांनी तिला समोर बसवून लिहायला लावलं, तिचा टाक चालताना आपल्या डोळ्यांनी पाहिला, त्यांनीच हे छापलं. त्याउलट हॅलेटांच्या वकिलाला सत्यतेबद्दल काडीची शंका नव्हती. जूनच्या मध्यावर त्याचा माणूस न्यू बेडफर्डला आला, पर्नेलांच्या दुकानात शिरला आणि पुस्तकातल्या माहितीवरून 'आमची मालमत्ता' कुठे आहे ते विचारू लागला. डीकननी त्याला दाढी करणार का म्हणून विचारलं. तो नको म्हणाला.

सेंट कॅथरिन्समध्ये झिल्फाने पुन्हा धुणं सुरू केलं. एनॉकला देवमासे भेटले नाहीत, पण पिठाच्या गिरण्या भेटल्या. पिठालाही पिंपं लागतात. दर रविवारी चर्च सुटल्यावर, नव्याने आलेल्यांपाशी जाऊन ती तेच विचारायची, आणि नव्वद टक्के लोक मान हलवायचे. काही जण खोटं सांगायचे, तिला बरं वाटावं म्हणून. ते तिला लगेच कळायचं.

१८५६ च्या ऑक्टोबरमध्ये जूबल टॉलिव्हर नावाचा माणूस तिला शोधत आला. नदीवरच्या बोटीत तो कोळसा टाकायचा. सिनसिनाटीच्या चर्चमध्ये तीन रविवार हे पुस्तक वाचलं गेलं, आणि तिसऱ्या रविवारी त्याने लस्कचं नाव ऐकलं.

"लस्कनेच मला आणलेलं," तो म्हणाला. तो टोपी मांडीवर ठेवून बसला होता. "नॅचेझला त्याचा कोंडवाडा होता, विकायच्या माणसांचा. त्यातून एक तामार तिथल्याच एका खानावळीच्या धुण्यावर गेली. व्हर्जिनियाची. डाव्या भुवईत खाच."

"बंबाचं झाकण लागलं होतं," झिल्फा म्हणाली. "सात वर्षांची असताना. पुढे?"

"एक्कावन्नपर्यंत मी तिला बघायचो. दोन मुली, डेलिया आणि ऱ्होडा. मग खानावळीचा मालक मेला आणि त्याच्या दोन मुलांनी वाटणी केली. तामार लुइझियानात गेली, रेड रिव्हरवर, धाकट्याकडे. मुली थोरल्याकडे. एकाच दिवशी, बाई. दोन वेगळ्या गाड्या."

झिल्फाने त्याला मालकाचं नाव विचारलं, मुलांची नावं विचारली, गावं विचारली, मुलींची वयं विचारली. तो सांगत गेला आणि ती लिहीत गेली. लिहून झाल्यावर तिने सगळं त्याला वाचून दाखवलं. एका ठिकाणी तो म्हणाला, नाही, ते गाव नदीच्या पलीकडे. तिने ते दुरुस्त केलं. एनॉकने पाहुण्यापुढे मक्याची भाकरी आणि डुकराचं मांस ठेवलं. तो जेवत होता तेवढ्यात तिने न्यू बेडफर्डला पत्र लिहून टाकलं.

डीकन पर्नेलांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. दुसरी आवृत्ती काढतो, त्यांनी लिहिलं होतं, पण एक विचारायचं आहे. हे नवे लोक श्रीमंत आहेत, जिवंत आहेत आणि त्यांची पोरं उत्तरेत शिकतात. बदनामीचा दावा लावतील, आणि छापणारा मी आहे. फक्त या दोन भावांच्या नावांपुढे रेघ चालेल का? मी घाबरलो असं समजू नकोस. विचारतो आहे.

झिल्फाला हे वाचून राग आला नाही. हा माणूस सद्गृहस्थांसारखा तिच्या भल्याचं बोलत नव्हता. आपल्याला काय धोका आहे ते सरळ सांगत होता. तिने दोन दिवस पत्र टेबलावर ठेवलं. मग उत्तर लिहिलं: तुमचं नाव पुस्तकावरून काढा. छापणाऱ्याच्या जागी माझं नाव घाला, सेंट कॅथरिन्सच्या पत्त्यासह. दावा लावायचा तो इथे येऊन लावू दे. भावांची नावं पूर्ण राहतील. डेलिया आणि ऱ्होडा यांची नावं जरा मोठ्या टायपात, कारण त्यांना वाचून दाखवणारा कदाचित नवशिका असेल.

दुसरी आवृत्ती १८५७ च्या फेब्रुवारीत निघाली. पहिलीपेक्षा सहा पानं जास्त. डीकननी आपलं नाव काढलं नाही. तिच्या नावाखाली घातलं.